व्वार डीर : अमेरिकेत ज्युरीतली बारा माणसं ठरतात कशी?

१५ एप्रिल २०२४. मॅनहॅटनच्या फौजदारी न्यायालयात डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरचा खटला उभा राहिला आणि पहिल्याच दिवशी ९६ न्यूयॉर्ककरांना कोर्टात आणून बसवलं गेलं. साक्षीदार नाही, पुरावा नाही, वकिलांची भाषणं नाहीत. न्यायाधीश हुआन मर्चान यांनी खटला कशाबद्दल आहे ते थोडक्यात सांगितलं आणि विचारलं, की आपल्याला इथे निष्पक्ष राहता येणार नाही असं कुणाला वाटतं का? निम्म्याहून जास्त लोकांनी हात वर केले. ते सगळे तिथूनच घरी गेले. उरलेल्यांच्या हातात ४२ प्रश्नांची यादी दिली गेली आणि एकेकाने उभं राहून उत्तरं द्यायची असं ठरलं. कुठे राहता, काय काम करता, बातम्या कुठून घेता, ट्रम्प यांच्या सभेला कधी गेला होतात का, त्यांच्या विरोधातल्या एखाद्या गटात आहात का. त्या आठवड्यात दुसरं काही झालंच नाही. शुक्रवारपर्यंत १२ ज्युरर, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणारी सामान्य माणसं, आणि ६ राखीव ज्युरर ठरले, आणि मग कुठे सरकारी वकिलाने तोंड उघडलं.

त्या आठवड्यात जे चाललं होतं त्याला म्हणतात ‘व्वार डीर’. टेक्सासकडचे वकील खुशाल ‘व्होर डायर’ म्हणतात आणि कुणी त्यांना अडवत नाही. नॉर्मन राजांनी इंग्लंडच्या कोर्टात आणलेल्या जुन्या फ्रेंचचा हा अवशेष आहे. अर्थ ‘खरं बोलणं’. आजच्या फ्रेंचमध्ये ‘व्वार’ म्हणजे पाहणं, म्हणून बरेच जण ‘बघणं-बोलणं’ असा अर्थ लावतात. तो चुकीचा आहे, कारण यातल्या ‘व्वार’चं मूळ लॅटिनमधल्या ‘सत्य’ या शब्दात आहे. म्हणजे प्रत्यक्ष खटल्याआधी शपथ घालून माणसाला स्वतःबद्दल खरं बोलायला लावायचं. शब्दाचं पुराण इथेच पुरे, कारण खरी गंमत पद्धतीत आहे.

घरी आलेलं समन्स

अमेरिकेच्या राज्यघटनेतली सहावी दुरुस्ती फौजदारी आरोपीला ‘निष्पक्ष ज्युरी’चा हक्क देते. सातवी दुरुस्ती बऱ्याच दिवाणी दाव्यांतही ज्युरीचा हक्क देते. हक्क म्हटला की तो पुरवायला माणसं लागतात, आणि ती सक्तीने बोलावली जातात. मतदारयादी आणि बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हिंग लायसन्सची यादी, यातून चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं निघतात आणि घरी समन्स येतं. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधल्या मराठी घरांत नागरिकत्वाची शपथ झाली की पुढे कधीतरी हे पाकीट येतंच. ग्रीन कार्डवाल्यांना ज्युरीत बसता येत नाही. पण लायसन्सच्या यादीमुळे त्यांच्याही घरी कधीकधी पत्र येतं. तेव्हा ते केराच्या टोपलीत न टाकता ‘मी नागरिक नाही’ एवढं भरून परत पाठवायचं असतं.

फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टासाठी अटी सरळ आहेत. नागरिकत्व हवं, वय किमान १८ हवं, त्या जिल्ह्यात वर्षभर राहिलेलं असावं, कामापुरतं इंग्रजी यावं आणि गंभीर गुन्ह्याची शिक्षा झालेली नसावी. मोबदला दिवसाला ५० डॉलर. त्यात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पार्किंग आणि दुपारचं जेवण भागलं तरी नशीब म्हणायचं. पण ज्युरीला गेला म्हणून मालक कामावरून काढू शकत नाही, हे संरक्षण पक्कं आहे.

पहिल्या दिवशी बोलावलेल्यांतले बहुतेक लोक मोठ्या हॉलमध्ये फोन बघत बसतात आणि संध्याकाळी घरी जातात. तिथले जवळजवळ सगळे खटले सुनावणीआधीच तडजोडीने मिटतात, त्यामुळे ज्युरीची गरज पडते ती थोड्यांनाच. ज्यांची नावं पुकारली जातात त्यांचा घोळका कोर्टरूममध्ये नेला जातो. व्वार डीर सुरू होतं ते तिथे.

प्रश्न कसे विचारतात

समजा, एका किराणा दुकानात चोरी झाली आहे आणि सगळी भिस्त एका पोलिसाच्या साक्षीवर आहे. क्लार्क चिठ्ठीतून नावं काढतो, माणसं ज्युरीच्या कठड्यामागे नंबरवार बसतात. सात नंबरला एक गृहस्थ आहेत.

“तुमच्या जवळचं कुणी पोलिसात आहे का?” न्यायाधीश विचारतात.

“हो. सख्खा भाऊ. बरीच वर्षं झाली.”

“पोलिसाची साक्ष आणि रस्त्यावरच्या कुणाही माणसाची साक्ष तुम्ही एकाच तराजूत तोलाल?”

“प्रयत्न करीन.”

बचावाची वकील लगेच कान टवकारते. न्यायाधीशांची परवानगी घेऊन ती विचारते, “प्रयत्न करीन म्हणजे नेमकं काय?”

“खरं सांगू का? पोलीस शपथेवर खोटं बोलेल असं मला नाही वाटत.”

आता न्यायाधीश पुन्हा मध्ये पडतात. “पण पुरावा ऐकून, मी सांगेन तो कायदा पाळून, न्यायाने निर्णय द्याल ना?”

“हो हो, ते तर देईनच.”

सगळ्या व्वार डीरचं दुखणं या शेवटच्या प्रश्नात आहे. भर कोर्टात, झगा घातलेल्या न्यायाधीशासमोर, ‘तुम्ही न्यायाने वागाल ना?’ असं विचारल्यावर ‘नाही’ म्हणणारा माणूस विरळाच. म्हणून मुरलेले वकील हो-नाहीचे प्रश्न शक्यतो टाळतात. ‘पोलिसांशी तुमचा शेवटचा संबंध कधी आला आणि तेव्हा काय झालं?’ असं मोकळं विचारून समोरच्याला बोलू देतात. माणूस बोलायला लागला की त्याचा कल आपोआप बाहेर पडतो. फेडरल कोर्टात मात्र बहुधा न्यायाधीशच प्रश्न विचारतात. वकील आपले प्रश्न लिहून देतात, त्यातले कुठले घ्यायचे ते न्यायाधीश ठरवतात, त्यामुळे तिथलं व्वार डीर कधीकधी अर्ध्या दिवसात उरकतं. बऱ्याच राज्यांच्या कोर्टांत वकिलांना थेट बोलायची मुभा असते. तिथे ते लांबतं. कधीकधी तर प्रश्न विचारण्याच्या आडून वकील आपलीच बाजू ज्युरीच्या गळी उतरवू लागतात आणि न्यायाधीशांना टोकावं लागतं.

नाजूक गोष्टी सगळ्यांसमोर विचारत नाहीत. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात ‘तुमच्याबाबत असं काही घडलंय का?’ या प्रश्नाला लोक मान खाली घालून ‘मला वेगळं बोलायचंय’ म्हणतात. तेव्हा न्यायाधीश, दोन्ही वकील आणि ती व्यक्ती एवढेच बाजूला जाऊन हळू आवाजात बोलतात. मोठ्या खटल्यांत आधी लेखी प्रश्नावली देतात. अमेरिकी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांच्या खुनाच्या खटल्यातल्या प्रश्नावलीत २९४ प्रश्न होते. एवढे प्रश्न आपल्याकडे बँकेच्या कर्जालाही विचारत नाहीत.

काढून टाकायचे दोन रस्ते

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘ज्युरी निवडणे’ म्हटलं की वाटतं, दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या पसंतीची माणसं उचलतात. तसं कुणालाच उचलता येत नाही. फक्त नको ते माणूस काढता येतं. आपण तांदूळ निवडतो तेव्हा खडे काढतो आणि उरेल ते शिजवतो, तसंच हे. फरक एवढाच, की इथे एकाच ताटावर दोन माणसं बसलेली असतात आणि एकाचा खडा तो दुसऱ्याचा दाणा असतो. त्यामुळे दोन्ही टोकं उडतात. सरकारी पक्षाला फार सोयीचा वाटणारा माणूस बचाव पक्ष काढतो, बचावाला फार सोयीचा वाटणारा सरकारी वकील काढतो, आणि कुणालाच फारसे न खटकणारे बारा लोक बसतात.

काढण्याचा पहिला रस्ता म्हणजे कारण दाखवून घेतलेला आक्षेप. तिकडचे वकील त्याला ‘फॉर कॉज’ म्हणतात. ज्युरर आरोपीचा नातेवाईक आहे, खटल्याच्या निकालात त्याचे पैसे गुंतलेत, किंवा त्याने स्वतःच सांगितलंय की मला हे जमणार नाही. कारण न्यायाधीशांना पटलं तर तो बाहेर. अशा आक्षेपांना संख्येची मर्यादा नाही. मॅनहॅटनच्या त्या खटल्यात ‘ट्रम्पना तुरुंगात टाका’ अशा अर्थाची जुनी फेसबुक पोस्ट सापडलेला एक माणूस असाच बाहेर गेला. वकिलांचे मदतनीस मागच्या बाकावर लॅपटॉप उघडून, समोर उभ्या राहिलेल्या माणसाचं सोशल मीडिया त्याच क्षणी चाळत असतात. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेने २०१४ मध्ये यावर मत दिलंय. जे जगाला उघड दिसतं ते बघायला हरकत नाही, पण ज्युररला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवायची नाही.

दुसरा रस्ता कारण न देता काढण्याचा. याला ‘पेरेम्प्टरी’ किंवा नुसतं ‘स्ट्राइक’ म्हणतात. वकील म्हणतो, ‘नऊ नंबरचे आभार,’ आणि नऊ नंबर उठतो. का, ते कुणी विचारत नाही. पण हे मोजून मिळतात. फेडरल कोर्टात गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात सरकारला ६ आणि बचावाला १०. फाशीची शिक्षा मागितली असेल तर दोघांनाही २०. दिवाणी दाव्यात प्रत्येकी ३. राज्याराज्यांत आकडे बदलतात. मोजके असल्यामुळे ते जपून वापरावे लागतात, आणि म्हणूनच वकील आधी ‘फॉर कॉज’साठी जीव काढतात. वर तो पोलिसाचा भाऊ आला, त्याच्यासाठी बचावाची वकील आधी न्यायाधीशांशी वाद घालेल. न्यायाधीश ‘त्याने न्यायाने वागेन म्हटलंय’ म्हणून ऐकणार नाहीत, आणि मग तिला दहातला एक स्ट्राइक त्याच्यावर खर्च करावा लागेल.

कारण न देण्याच्या सोयीच्या बाजूने बोलणारे सांगतात, की वकिलाला नुसत्या नजरेवरून कळतं, हा माणूस आपल्याला पाण्यात पाहतोय. ते सिद्ध कसं करणार? मुद्दा खरा आहे. पण ज्या दारावर कुणी प्रश्न विचारत नाही, त्या दारातून काय काय आत शिरेल याचाही नेम नसतो.

कारण न विचारण्याची किंमत

१८८० मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनियाचा, ज्युरीत फक्त गोरे पुरुष बसतील असा कायदा रद्द केला होता. कायदा गेला, पण प्रथा राहिली. कृष्णवर्णीयांचं नाव यादीत येऊ द्यायचं आणि कोर्टात स्ट्राइक वापरून त्यांना घरी पाठवायचं. कारण देणं बंधनकारकच नव्हतं, तेव्हा बोट ठेवणार कशावर?

१९८० च्या दशकात केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये जेम्स बॅटसन या कृष्णवर्णीय माणसावर घरफोडीचा खटला चालला. बोलावलेल्यांत चार कृष्णवर्णीय होते. सरकारी वकिलाने चारही स्ट्राइक केले आणि सगळ्या गोऱ्यांच्या ज्युरीने बॅटसनला दोषी ठरवलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वंशाच्या आधारावर स्ट्राइक करता येणार नाही. संशय यावा अशी परिस्थिती आरोपीने दाखवली, की सरकारी वकिलाने वंशाशी संबंध नसलेलं कारण द्यायचं, आणि ते कारण खरं की बनावट हे न्यायाधीशांनी ठरवायचं. आज कोर्टात वकील नुसतं ‘बॅटसन’ म्हणतात आणि सगळ्यांना कळतं काय म्हणायचंय. पुढे हाच नियम दिवाणी दाव्यांना, बचाव पक्षालाही, आणि १९९४ मध्ये स्त्री-पुरुष भेदालाही लागू झाला.

पण ‘कारण’ द्यायला काय लागतं? केस लांब होते, नजरेला नजर देत नव्हता, घर वाईट वस्तीत आहे, काहीही चालून जातं. थरगुड मार्शल हे त्या न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. बॅटसनच्या निकालातच त्यांनी वेगळं लिहून ठेवलं होतं, की ही सोय पूर्ण बंद केल्याशिवाय भेदभाव थांबणार नाही. त्यांच्या म्हणण्याला पुढे पुरावे मिळत गेले.

त्यातला एक जॉर्जियातला. टिमोथी फॉस्टर याला १९८७ मध्ये गोऱ्या ज्युरीने फाशी सुनावली. सरकारी वकिलांनी तेव्हा वंशाशी संबंध नसलेली कारणं सांगितली आणि ती मान्यही झाली. पुष्कळ वर्षांनी माहितीच्या कायद्याखाली त्यांची त्या वेळची कागदपत्रं बाहेर आली. ज्युररांच्या यादीवर प्रत्येक कृष्णवर्णीय नाव हिरव्या हायलायटरने रंगवलेलं होतं आणि हिरवा रंग म्हणजे काय, ते कोपऱ्यात लिहूनही ठेवलेलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. जेव्हा वकील इतका नेटका असतो तेव्हाच चोरी सापडते, हेही यातून दिसतं.

दुसरा मिसिसिपीतला, कर्टिस फ्लॉवर्सचा. चार खुनांच्या आरोपावरून त्याच्यावर एकाच सरकारी वकिलाने सहा वेळा खटला चालवला. या सहा खटल्यांत मिळून ४२ कृष्णवर्णीय संभाव्य ज्युररपैकी ४१ जणांना त्याने स्ट्राइक केलं. शेवटच्या खटल्यातले प्रश्नच मोजले गेले. काढून टाकलेल्या पाच कृष्णवर्णीयांना मिळून १४५ प्रश्न. ज्युरीत बसलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून १२. खोदत राहिलं की कुणाच्याही आयुष्यात काहीतरी सापडतंच, आणि जे सापडतं ते ‘कारण’ म्हणून दाखवता येतं. म्हणजे इथे व्वार डीरचे प्रश्नच हत्यार म्हणून वापरले गेले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी शिक्षा रद्द केली, आणि २०२० मध्ये सरकारने खटलाच मागे घेतला. तोवर तो माणूस वीसहून जास्त वर्षं तुरुंगात होता.

मार्शल यांचं म्हणणं शेवटी ॲरिझोनाने ऐकलं. १ जानेवारी २०२२ पासून तिथे कारण न देता काढण्याची सोय बंद आहे. इंग्लंडने ती १९८८ च्या कायद्याने आणि कॅनडाने २०१९ मध्ये बंद केली. माझा कल यांच्याच बाजूने आहे, पण एका अटीवर. ‘फॉर कॉज’चा आक्षेप ऐकताना न्यायाधीशांनी ‘न्यायाने वागाल ना?’ एवढ्यावर भागवायचं नाही. नाहीतर आपला पोलिसाचा भाऊ ज्युरीत बसेल आणि त्याला काढायला कुणाच्या हातात काहीच उरणार नाही.

ज्याने बातमी वाचलीय त्याचं काय?

लोकांना सर्वांत जास्त पडणारा प्रश्न हाच. गाजलेल्या खटल्यात काहीच ठाऊक नसलेला माणूस आणायचा कुठून, आणि असा माणूस ज्युरीत हवा तरी कशाला?

१८०७ मध्ये माजी उपाध्यक्ष ॲरन बर यांच्यावर देशद्रोहाचा खटला चालला तेव्हाच सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी यावर तोडगा दिला. मनावर पुसट ठसा असेल, पुराव्यापुढे तो पुसला जाईल असा असेल, तर चालेल. ठसा खोल आणि घट्ट असेल तर चालणार नाही. म्हणजे पाटी कोरी असण्याची अट नाही. मत आहे का, याला महत्त्व कमी. ते बाजूला ठेवता येईल का, याला जास्त.

हे ऐकायला छान आहे, पण इंडियानातल्या लेस्ली अर्विन याच्या खटल्यात बघा काय झालं होतं. बोलावलेल्या ४३० लोकांपैकी २६८ जणांना न्यायाधीशांनीच काढलं, कारण आरोपी दोषी आहे हे त्यांचं ठरलेलं होतं. शेवटी जे बारा बसले, त्यातल्या आठांनीही व्वार डीरमध्ये सांगितलं होतं की आम्हाला तो दोषी वाटतो, पण आम्ही न्यायाने वागू. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. ‘न्यायाने वागेन’ या वाक्यावर किती विसंबायचं, याला कुठेतरी मर्यादा आहे, असं त्या निकालाचं सार.

२०२१ मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूच्या खटल्यात वेगळाच पेच आला. आरोपी पोलीस डेरेक शोव्हिन याच्यासाठी ज्युरी निवडणं चालू असतानाच मिनियापोलिस शहराने फ्लॉइड कुटुंबाला २ कोटी ७० लाख डॉलर भरपाई जाहीर केली. आधी बसलेल्या ज्युररना पुन्हा बोलावून विचारावं लागलं, आणि त्यातल्या दोघांनी सांगितलं की या आकड्याचा आपल्यावर परिणाम झालाय. दोघांनाही न्यायाधीशांनी मोकळं केलं.

फाशीच्या खटल्यांत प्रश्न आणखी अवघड होतो. फाशीलाच विरोध असलेला माणूस ज्युरीत बसवायचा का? इलिनॉयमध्ये एका खटल्यात फाशीबद्दल नुसती टोचणी वाटणाऱ्या ४७ जणांना काढून टाकलं होतं. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं. पण फाशी कधीच देणार नाही म्हणणाऱ्याला काढता येतं, हे तत्त्व राहिलं. परिणाम असा, की फाशीच्या खटल्यातली ज्युरी गाळून गाळून फाशीला तयार असलेल्यांचीच होते. अशी ज्युरी मुळात दोषी ठरवायलाच जास्त उत्सुक असते, असे अभ्यास १९८६ मध्ये न्यायालयासमोर ठेवले गेले. न्यायालयाने ते बाजूला सारले.

आणि व्वार डीरमध्ये कुणी खोटं बोललं तर? उत्तरं शपथेवर असतात, त्यामुळे थाप मारणं गुन्हा ठरू शकतो. ज्युररने मुद्दाम खोटं उत्तर दिलं, आणि खरं दिलं असतं तर तो ‘फॉर कॉज’ काढला गेला असता, एवढं दाखवता आलं तर झालेला खटला पुन्हा चालवावा लागू शकतो. म्हणून ज्युरी ड्यूटी चुकवायला ‘मी सगळ्यांनाच दोषी समजतो’ असं ठोकून देण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नये. घरी लहान मूल आहे, आजारी आईला बघायला कुणी नाही, महिनाभर पगार बुडाला तर चालणार नाही, या अडचणी खऱ्या असतील तर सरळ सांगाव्यात. न्यायाधीश त्या ऐकतात.

आपल्याकडे

भारतातली ज्युरी आपल्याला आठवते ती दोन खटल्यांमुळे. टिळकांचा १९०८ चा आणि नानावटींचा १९५९ चा.

टिळकांच्या खटल्यात ज्युरी कोण असणार यावर सुरुवातीलाच लढाई झाली. सरकारने ‘स्पेशल ज्युरी’ मागितली. त्या यादीत युरोपियनांचाच भरणा असे, म्हणून टिळकांच्या बाजूने वकील जोसेफ बॅप्टिस्टा यांनी विरोध केला. न्यायमूर्ती दावर यांनी तो मानला नाही. सात युरोपियन आणि दोन पारशी असे नऊ जण बसले. ‘केसरी’तले लेख मराठीत, आणि ज्युरीची सारी मदार भाषांतरावर. ही माणसं आपली भाषा जाणत नाहीत, हे टिळकांनी कोर्टात सांगितलंच. निकाल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षं काळ्या पाण्याची. १८९७ च्या खटल्यातही सहा युरोपियन विरुद्ध तीन हिंदी अशीच फूट पडली होती. ज्युररांना आक्षेप घ्यायची सोय तेव्हाच्या फौजदारी संहितेत होती, हायकोर्टात तर कारण न देता काही जणांना वगळताही येत असे. पण ज्या यादीतून माणसं येणार ती यादीच एकतर्फी असेल, तर गाळून गाळून काय हाती लागणार?

नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात उलटं झालं. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आरोपीची बाजू महिनोन् महिने लावून धरली होती, सगळी मुंबई त्यावर बोलत होती, आणि नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो निकाल मान्य होण्यासारखा वाटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि नानावटी दोषी ठरले. बातम्या वाचलेल्या ज्युररला खोदून खोदून विचारायची अमेरिकी रीत आपल्याकडे कधी रुळलीच नाही. ती असती तर निकाल बदलला असता का, हे छातीठोक सांगता येणार नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. तिची एक छटा शिल्लक आहे ती पारशी विवाह कायद्यात. मुंबई हायकोर्टात पारशी घटस्फोटाच्या दाव्यात समाजातले पाच ‘डेलिगेट’ आजही न्यायाधीशांसोबत बसतात.

ज्युरी गेली तरी व्वार डीर मात्र आपल्या कोर्टात राहिलं, आणि ते चालतं लहान मुलांसाठी. सत्र न्यायालयात सात-आठ वर्षांचं मूल साक्षीला आलं, की न्यायाधीश आधी घटनेबद्दल काही विचारत नाहीत. नाव काय, कितवीत आहेस, बाईंचं नाव काय, आज इथे कुणाबरोबर आलीस, खोटं बोललं तर काय होतं? मूल ‘देव शिक्षा करतो’ म्हणतं, किंवा ‘बाई ओरडतात’ म्हणतं. प्रश्न आणि उत्तरं लिहून घेतली जातात. मुलाला प्रश्न समजतात का, समजून उत्तर देता येतं का, आणि कुणी पढवून तर आणलेलं नाही ना, एवढं न्यायाधीश बघतात आणि आपलं मत नोंदवून मग साक्ष सुरू करतात. साक्षीदाराला वयाची अट नाही. आधी पुरावा कायद्याचं ११८ वं कलम तेच सांगत होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं १२४ वं कलम सांगतं. १९९७ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या दत्तू रामराव साखरे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की मूल सक्षम आणि विश्वासार्ह वाटलं तर त्याच्या साक्षीवर शिक्षाही देता येते. २०२५ मध्ये बलवीर सिंह खटल्यात त्याच न्यायालयाने बालसाक्षीदारांबद्दलचे नियम पुन्हा एकत्र मांडले: प्राथमिक प्रश्न विचारायचे, ते आणि त्यांची उत्तरं नोंदवायची, आणि मूल सक्षम का वाटलं याची कारणं लिहायची. कारण अपिलात बसलेल्या न्यायाधीशांना ते मूल बघायला मिळत नाही, त्यांच्यापुढे असतो तो हा कागद.